हिंगाच्या वासाची पुस्तकं

माझ्या साडूंइतका अन्यायकारक माणूस निपाणीपासून चिकोडीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. ते कुणावर अन्याय करतात असं नाही, मुंगी आडवी आली तरी थांबून तिला वाट देतात. पण त्यांचं नुसतं असणं हाच माझ्यावरचा अन्याय आहे. मी मराठीचा एम. ए., बी. एड. आहे, निपाणीच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं मराठी शिकवतो आणि त्यातली एकोणीस वर्षं ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या खिशात आहेत. ते एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात तीन वेळा गटांगळ्या खाऊन बोरगावात किराणा दुकान चालवतात. आणि आमच्या शाळेतल्या पोरापोरींना एखादं पुस्तक हवं झालं, की ती माझ्या ग्रंथालयाच्या उघड्या दारासमोरून सरळ बसस्टँडवर जातात आणि बोरगावची बस पकडतात. लोकांना वाटतं मी हे सगळं मोठ्या मनानं घेतो. मी ते अजिबात मोठ्या मनानं घेत नाही. मी जळतो.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वय साठीच्या आतबाहेर, अंगात बाह्यांचा बनियन, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिथे पुडी बांधायचा दोरा. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तांदळाच्या पोत्याला पाठ लावून ते पुस्तक वाचतात, तेही ओठ हलवत, दुसरीतल्या मुलासारखं. वाचताना जगाचं भान नसतं. एकदा त्यांनी एका बाईंना साखरेऐवजी दोन किलो रवा बांधून दिला. ती बाई तावातावानं परत आली, तर हे म्हणाले, "आक्का, माफ कर गं. त्या गोष्टीतल्या पोराची आई आत्ताच गेलती. माजं डोळं भरलंतं." मी असतो तर मला तिनं चार शब्द ऐकवले असते. यांच्यासमोर ती पायरीवर बसली आणि "मग फुडं काय झालं?" म्हणून उरलेली गोष्ट ऐकून उठली. रवा घेऊनच गेली.

पुस्तकं ते वाट्टेल ती ठेवत नाहीत. ज्या वयात आरशाशी भांडण होतं, आपला आवाज, आपला रंग, आपलं घर, आपलं आडनाव सगळंच चुकीचं वाटायला लागतं आणि आपण कुठेच बसत नाही याची खात्री पटते, त्या वयाची पुस्तकं. कोल्हापूरला नाहीतर बेळगावला माल आणायला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन तास घालवतात आणि अर्धी मराठी, अर्धी कन्नड अशी पिशवीभर घेऊन येतात. ती ठेवण्याची जागा म्हणजे हिंगाच्या डब्यांच्या वरची फळी. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पुस्तकाला, मग ते कितीही करुण असो, हिंगाचा वास येतो.

पण खरी गंमत पुडीची आहे. आता सगळं सामान प्लॅस्टिकच्या पाकिटांत येतं, दुकानात पुडी बांधावी लागत नाही. साडू मात्र प्रत्येक पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात घालून पुडी बांधतात. डाव्या हातानं दाबायचं, उजव्या हातानं चार घड्या, शेवटचं टोक आत खोचायचं, छताला टांगलेल्या रिळाचा दोरा तीन वेळा फिरवायचा आणि दातानं तोडायचा. बाहेर नाव नाही, नंबर नाही. पोरानं ती घरी जाऊन उघडायची, कागद आणि दोरा जपून ठेवायचा आणि वाचून झालं की परत आणायची. नोंदवही नाही. मी एकदा म्हटलं, "अहो अण्णा, निदान कुणी काय नेलं ते तरी लिहून ठेवा." तर माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "बाया सामान न्हेत्यात मास्तर. कुणाच्या पिशवीत काय हाय, ते मी पेठंत सांगत बसतो व्हय?"

माझ्या ग्रंथालयात नोंदवही आहे. तिला सहा रकाने आहेत आणि शेवटचा रकाना 'पुस्तकातून मिळालेला बोध' असा आहे. तो मी स्वतः आखला. गेल्या वर्षभरात ग्रंथालयात नियमित येणारे एकच वाचक, आमचे ड्रॉइंगचे मास्तर. त्यांना तिथला पंखा आवडतो.

कोणत्या पोराला कोणतं पुस्तक द्यायचं हे साडू कसं ठरवतात, याचा मी गुप्तपणे अभ्यास केला आहे. ते एकच प्रश्न विचारतात. "जेवलास काय रं?" बस्स. मग मागे वळून फळीवरून एक पुडी काढून देतात. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "जे त्वांडाकडं बघून व्हय म्हणतंय त्याला येगळं. जे खाली बघून व्हय म्हणतंय त्याला येगळं." हा प्रयोग मी शाळेत करून पाहिला. आठवीतल्या एका मुलाला ग्रंथालयाच्या दारात गाठून प्रेमानं विचारलं, "जेवलास का बाळ?" दुसऱ्या दिवशी त्याची आई हेडमास्तरांना भेटायला आली, घरात पोराला उपाशी ठेवत नाही हे सांगायला.

इथवरचं सगळं मी गिळलं असतं. पण माझी मुलगी सन्मती त्यांच्याकडे जायला लागली.

सन्मती नववीत आहे. तिची उंची पाच फूट नऊ इंच. मी टाचा उचलल्या तर पाच फूट तीन. आमच्या दोन्ही घराण्यांत असं उंच कुणी झालेलं नाही, त्यामुळे लग्नात, बारशात, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलं तरी बायका तिला वरपासून खालपर्यंत मापतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "हिला पोरगा कुठला बघायचा गं?" चौदा वर्षांची पोर. ती हळूहळू वाकून चालायला लागली. शाळेच्या फोटोत ती शेवटच्या रांगेत गुडघे वाकवून उभी आहे. फोटोत ते दिसत नाही, मला दिसतं. मी वाढदिवसाला तिला थोर माणसांची चरित्रं देत गेलो आणि ती कमी कमी बोलत गेली. माझ्याशी बोलते तीही निबंधातली मराठी, कारण तोंड उघडलं की मी तिची भाषा दुरुस्त करतो. बोरगावला गेली की मात्र मावशीच्या घरात "लई भारी", "न्हाय गं", "व्हय की" असं तिचं अखंड चालू असतं. साडूंना ती आप्पा म्हणते. शेजारच्या कन्नड घरांत आप्पा म्हणजे बाप, हे मला ठाऊक असल्यामुळे तेही टोचतं.

एका रविवारी तिच्या दप्तराला हिंगाचा वास आला. ती शिकवणीला गेल्यावर मी पुडी काढली आणि उघडली. ते एका तोतऱ्या मुलाचं पुस्तक होतं. मेंढरांशी न अडखळता बोलणारा आणि माणसांपुढे गप्प होणारा मुलगा. मला, खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. माझी मुलगी तोतरी नाही, उंच आहे. चुकले एकदाचे साडू. त्या आनंदात मी पुडी परत बांधायला घेतली आणि अर्धा तास झटलो. घडी बसेना, टोक आत जाईना, दोरा सुटत राहिला. शेवटी बसमध्ये सांडलेले लाडू कागदात गोळा केल्यासारखं काहीतरी झालं. सन्मती आली. तिनं पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुडी दप्तरात टाकली. त्यानंतर घरात पुडी दिसली नाही.

माणसानं इथे शहाणं व्हावं. मी दुसऱ्याच दिवशी बेळगावला गेलो, तीन दुकानं पालथी घातली आणि एका उंच खेळाडू बाईंचं चरित्र मिळवलं. वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझ्या उंच भरारी घेणाऱ्या लेकीस'. आणि तिच्या वाढदिवसाला, वीस पाहुण्यांसमोर, साडूंना मुद्दाम पहिल्या खुर्चीत बसवून, ते तिच्या हातात दिलं. पाहुण्यांपैकी एका बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि सगळे हसले. सन्मती वाकली. इतकी वाकली की तिचा चेहरा दिसेना. मग आत जाताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, तुम्हालाही एवढंच दिसतं का हो?"

त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर जेवायला बसेना. बोरगावलाही जाईना. तिच्या खोलीचं दार दिवसभर लोटलेलं. पोर माझ्या हातातून चालली आहे हे मला कळत होतं आणि मी काय केलं असेल? बोरगावला गेलो, भांडायला.

"बर्री बर्री, या मास्तर," साडू म्हणाले आणि पोत्यावर जागा करून दिली. मी जे मनात होतं ते सगळं ओकलो. तुमच्यामुळे माझी मुलगी मला परकी झाली, तुम्हाला एक पुस्तक धड निवडता येत नाही, उंच मुलीला कुणी तोतऱ्याचं पुस्तक देतं का. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उंच पोरीला उंच पोरीचं पुस्तक दिलं, तर ती काय म्हणंल मास्तर? आप्पाला बी माजी उंचीच दिसली. तोतऱ्याचं दिलं की ती त्याच्यासाठी रडतीया. रडता रडता सोताला बी घेती त्यात."

समोरचा बरोबर निघाला की मला जास्त राग येतो. मी उठलो. तेव्हा ते म्हणाले, "जेवलासा काय?"

"हो," मी म्हटलं. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आपण खाली बघत होतो. साडू मागे वळले आणि त्यांनी फळीवरून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. मला. एम. ए. ला.

अपमान झाला म्हणून आठवडाभर ती उघडली नाही. रविवारी दुपारी उघडली. खेड्यातून शहराच्या वसतिगृहात गेलेली एक मुलगी. तिच्या बोलण्याला सगळ्या हसतात. ती बोलणं बंद करते, मग त्यांच्यासारखं बोलायला शिकते, आणि सुट्टीत घरी येते तेव्हा आईशी काय बोलावं तिला सुचत नाही. मी पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिलो. चिकोडीजवळच्या खेड्यातून बेळगावच्या कॉलेजात गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "काल गावाकडं गेलतो" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर ती बोली मी तोंडातून जी काढून टाकली, ती पुन्हा कधी येऊ दिली नाही. आई म्हणायची, "तू पाव्हन्यासारका बोलतोस रं." ही गोष्ट मी बायकोला कधी सांगितलेली नाही. साडूंना सांगण्याचा तर प्रश्नच नाही. त्या माणसाला ती फळीवरून सापडली कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

डोळे पुसायला मी न्हाणीघरात गेलो. पुस्तक, कागद, दोरा सगळं पलंगावर तसंच. बाहेर पाहुण्यांचे आवाज आले. धावत येऊन बघतो तर पलंग रिकामा. हे पुस्तक कुणी पाहिलं असेल, कुणी हसलं असेल. दारात सन्मती उभी होती, मान खाली घालून.

"पाहुणे इकडेच येत होते म्हणून बांधून कपाटावर ठेवलंय, बाबा. नाव नाही बघितलं मी."

एवढं बोलून ती वळली. कपाटावर पुडी होती, माझा हात पोचणार नाही इतकी आत सरकवलेली. कोपऱ्यात स्टूल होतं. मी त्याच्याकडे गेलो नाही.

"सन्मती," मी म्हटलं, "जरा हिकडं ये गं. माजा हात पुरत न्हाय."

ती थांबली. "तुमी आसं बी बोलतासा व्हय, बाबा?"

"ल्हानपनी बोलत हुतो."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग कपाटापाशी आली, पाठ ताठ केली, हात वर नेला आणि पुडी काढून माझ्या हातात दिली. मी तिच्याकडे मान वर करून पाहत होतो. चार घड्या, टोक आत, दोऱ्याचे तीन वेढे, सगळं नीट.

"आप्पांनी शिकवली," ती म्हणाली.

मी पुन्हा जळलो. एवढ्या सगळ्या प्रकारानंतरही सरळ, स्वच्छ जळलो. पुडी नाकाशी धरली तर हिंगाचा वास. मग म्हटलं, "मला बी शिकीव की."

आता आम्ही दर रविवारी पुडी बांधतो. ती माझ्या शेजारी बसते, माझं टोक बाहेर आलं की माझ्या बोटावर चापट मारते, सगळं सोडते आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवते. बांधताना शाळेतलं, मैत्रिणींचं, कुठल्या बाईनं काय म्हटलं ते, असं काय काय बोलते. मला अजून चौथी घडी जमत नाही. ती कधी जमूच नये, असं हल्ली वाटतं.