तीन बोटांच्या रेघा

आमच्या अक्काबद्दल तेलगावात कुणी वाईट बोलत न्हाई, आन माझं सगळं दुखणं तिथंच हाय. कुणी एखादं नाव ठेवलं असतं तर मलाबी बोलायला तोंड सापडलं असतं. पन न्हाई. पापड लाटायचे असले की अक्काला बोलवा, बाळंतिणीला तेल लावायचं असलं की अक्काला बोलवा, कुणाची सून रुसली तर समजूत घालायला परत अक्काच. मंजुळाबाई तिचं नाव. माझी थोरली जाऊ.

दिसायला काय लई देखणी न्हाई. उंच, हडकुळी, आवाज बारीक. भांडत तर कधीच न्हाई, आन याचाच मला जास्ती राग येतो. मी चिडून दोन शब्द बोलले की ती उठून भांडी घासायला बसते. आता भांड्यांशी मी काय भांडू? दोन पोरं तिनं वाढवली, दोघं पुण्याला कंपनीत लागले. एवढं सगळं पदरात पडल्यावर बाईनं माझी एकुलती एक लेक तरी माझ्याकडं राहू द्यावी का न्हाई?

पन रुद्राणी तिचीच झाली. चूक कुनाची म्हनाल तर कुनाचीच न्हाई, दुकानाची. आमचं किराणा दुकान रस्त्याला लागून हाय, घर त्याच्या मागं. आमचे मालक, राजेश्वर, माल आणायला कधी माजलगाव, कधी बीड. गल्ल्यावर मी. पोरगी तीन महिन्यांची झाली आन मी परत गल्ल्यावर बसले. तिची आंघोळ, तिचा वरणभात, तिचं झोपणं, सगळं मागं अक्काकडं. अक्काला ती मोठीमाय म्हनते. मला मम्मी म्हनते, पन ती हाक फक्त गोळ्या-बिस्किटाच्या बरणीपुरती. पडली, खरचटलं, भ्याली, की तोंडातून निघतं मोठीमाय. चार वर्षं मी हे ऐकलं. गिऱ्हाईकाला साखर बांधून द्यायची, आन मागून पोरीच्या हसण्याचा आवाज आला की पुडीचा दोरा माझ्याकडून तुटायचा.

संक्रांत झाली आन पोरीच्या काखेत एक दाणा आला. भिजवलेल्या साबुदाण्याएवढा, चकचकीत, मधोमध बारीक खळी. पयल्यांदा पायला कुनी? अक्कानं. दुकानात येऊन मला म्हनाली, असं असं दिसायलंय, ताप न्हाई, खाज बी लई न्हाई, तरी एकदा डॉक्टरला दाखवू. सांगितलं ते बरूबरच होतं. पन मला झोंबलं. माझ्या लेकीच्या अंगावर काय उगवलं ते मला दुसरीनं येऊन सांगायचं. मी म्हनले, काही गरज न्हाई, मला कळतं माझ्या लेकराचं.

माझं माहेर उमापूर. तिकडं आमची आजी अंगावर काहीबी उठलं की भस्म लावायची. आमी लिंगायत, आंघोळ झाली की कपाळावर, दंडावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय घरात कुनी चहाबी पेत न्हाई. मी ठरवलं, आजपास्नं पोरीची आंघोळ मी घालणार, भस्मबी मीच लावणार. दुकान अर्धा तास उशिरा उघडलं तरी चालतंय.  अक्कानं पोरीचं गरम पाणी काढून ठेवलं, फ्रॉक काढून ठेवला, आन आत गेली.

मंग मी लागले कामाला. खरबरीत पंच्यानं आधी दाणे चांगले घासायचे, म्हंजे ते मरतात असं मला वाटायचं. एखादा फुटायचा, आतून पांढरं यायचं, मला बरं वाटायचं, चला घाण निघाली. मंग भस्माची वडी ओली करून तीन बोटं खांद्यापासून कोपरापर्यंत दाबून ओढायची. दोन्ही हातांना. पोरगी कळवळायची, हात हिसकून घ्यायची आन नागडीच आत पळायची. कुणाकडं ते सांगायला नको. ती पळाली की मी दुसऱ्या दिवशी अजून दाबून लावायचे. औषध लावायले का राग काढायले, ते माझं मला कळत नव्हतं. खरं म्हंजे कळत होतं.

महिन्यात एकाचे तीस झाले. शिशुवर्गाच्या बाईंनी निरोप धाडला की आधी दाखवून घ्या, बाकी लेकरांचे आईबाप इचारायलेत. त्या दिवशी जेवताना मी मालकांसमोर बोलून टाकलं. पोरगी झोपते कुणाजवळ? अक्काजवळ. पांघरूण कुणाचं? अक्काचं. आता तुमीच समजून घ्या. अक्काच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली, एवढंच. मालक म्हनाले, उद्या बीडला जाऊन या.

रुद्राणी मोठीमायशिवाय एसटीत पाय ठेवीना, म्हनून आमी तिघी गेलतो. सगळ्या रस्त्यानं पोरगी अक्काच्या मांडीवर, तोंड तिच्या मानेत खुपसून. मी खिडकीशी. वडवणीला एक बाई गाडीत चढली आन अक्काला इचारलं, नात का? अक्का म्हनाली, लेक, हिची. माझ्याकडं बोट केलं तिनं. त्या बाईनं मला असं बघितलं की जसं मी उगाच सोबत आलेय.

डॉक्टरीण तरुण होती, चांगली बोलायची. तिनं भिंगातून दाणे बघितले आन हसली. म्हनाली, घाबरू नका, कांजिण्या नाहीत, खरूज नाही. याला मोलस्कम म्हणतात, व्हायरसनं होतं, लहान मुलांना सर्रास होतं. आपोआप जातं, पण वेळ घेतं, सहा महिने, वर्ष, कधी जास्तही. फोडायचं नाही, टॉवेल वेगळा, नखं कापलेली, दाणे कपड्यानं झाकायचे. शाळा बंद करायची गरज नाही.

मी इचारलं, आमाला होईल का? ती म्हनाली, मोठ्या माणसांना सहसा होत नाही, कातडीला कातडी फार वेळ लागून राहिली तर होऊ शकतं.

मंग तिनं पोरीचा हात उजेडात धरला आन तिचं हसू गेलं. हात मलाबी रोज दिसायचा, पन मी तसा कधी बघितलाच नव्हता. खांद्यापासून कोपरापर्यंत दाण्यांच्या तीन रांगा होत्या. सरळ, एकमेकीला धरून. दुसऱ्या हातालाबी तीन.

"हे असं रांगेत आपोआप येत नाही," डॉक्टरीण म्हनाली. "दाणा फुटला की आतल्या पांढऱ्यातूनच हे पसरतं. कोणीतरी बोटांनी ओढून ओढून ते पार कोपरापर्यंत पेरलंय. रोज काय चोळता हिला? कोण चोळतं?"

भस्म, हा शब्द माझ्या जिभेवर आला आन तिथंच चिकटला. रुद्राणी माझ्याकडं बघायली होती. चार वर्षांची पोरगी, पन तिला ठाऊक होतं कुणाची बोटं ती.

"मी लावते भस्म," अक्का म्हनाली. "माझीच चूक झाली."

डॉक्टरीण अक्काला रागावली. लई न्हाई, पन रागावली. एवढ्या वयाच्या आहात, लेकरू रडत होतं तेव्हा तरी थांबायचं. अक्का मान खाली घालून ऐकत राहिली. मी स्टुलावर बसून पोरीची बाही खाली ओढत राह्यले.

स्टँडवर मी अक्काला इचारलं, कावून बोललीस तसं? कुणी सांगितलं होतं तुला?

ती म्हनाली, "पोरीसमोर मायनं बोलणी खाऊ न्हाई गं. ती ध्यानात ठेवती."

दुसरी कुनी असती तर पाया पडली असती. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आता चांगुलपणाबी हिनंच घ्यायचा का? पोरगी हिची, गाव हिचं, आन माझं पाप बी हिच्याच पदरात. माझ्याजवळ माझं म्हनून काही राहू देणार हाय का न्हाई ही बाई? एसटीत मी लांबच्या सीटवर जाऊन बसले.

घरी आल्यावर मालकांनी इचारलं, काय म्हनाले डॉक्टर? तिथं मला खरं बोलता आलं असतं. मी म्हनले, अक्काच्या भस्म चोळण्यानं पसरलं, डॉक्टरीण तिला रागावली. हे ऐकताना अक्का दारातच होती, हातात पोरीची चप्पल. मालक तिला कधी मोठ्यानं बोलत न्हाईत, त्या दिवशीबी न्हाईत बोलले, फक्त म्हनाले, वहिनी, काही दिवस पोरीला तुमी हात लावू नका. ती बरं म्हनाली आन चप्पल जाग्यावर ठेवून गेली.

तर अशी मी जिंकले. टॉवेल वेगळा, नखं कापलेली, भस्म बंद, पूर्ण बाह्यांचे कपडे. पोरगी माझ्या खोलीत, माझ्या अंथरुणावर. चार-पाच दिवस रडली, मंग रडायची थांबली, आन ते रडण्याहून वाईट होतं. भिंतीकडं तोंड करून झोपायची. मी इचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. भात पुढं ठेवला तर खायची, जसं पाहुण्याच्या घरी आलीय. अक्का आपल्या खोलीतून निघायची ती पार पदर मानेला गुंडाळून, पोरगी अंगणात असली की मागल्या दारानं जायची. मी मनात म्हनायचे, बघा बाई नाटक कसं करायली, फुगलीय माझ्यावर. दोन महिने असंच गेले. पोरीचे नवे दाणे थांबले, जुने तसेच.

चैत्रात एका दुपारी मी घासलेट-साबणाचा हिशोब सोडून पाणी प्यायला मागं आले. अक्का न्हाणीपाशी केस धुऊन पुसायली होती. पदर बाजूला. मानेच्या डाव्या बाजूला, कानाखालून खांद्यापर्यंत, साबुदाणे. सात-आठ. डाव्या हाताच्या कोपराच्या आत अजून पाच.

मला बघून तिनं पदर ओढला. मी तिचा हात धरला, म्हनले, हे कधीपास्नं?

"बीडहून आलो त्या आठवड्यात दिसला पयला," ती म्हनाली. "म्हनून तर लांब राह्यले. पोरीचं बरं होत आलं आन माझं परत तिला लागलं तर?"

म्हंजे मालकांच्या बोलण्यानं ती लांब गेली नव्हती. माझ्यावर फुगलीबी नव्हती. दोन महिने मी जे जिंकले म्हनून मिरवत होते, ते तिनं आपल्या मनानं सोडलं होतं.

मी माझ्या खोलीत गेले, कडी लावली, आरशापुढं उभी राह्यले. ब्लाउज काढून मान बघितली, दंड बघितले, कोपराच्या आत बघितलं, काखा बघितल्या. एक दाणा न्हाई. सगळं अंग साफ. दोन महिने ते लेकरू माझ्या अंथरुणावर होतं, आन माझ्या कातडीला त्याचा पत्ता नव्हता. कावून नव्हता ते मला ठाऊक होतं. मी रोज आमच्या दोघींच्या मधी चादरीची घडी ठेवायचे. मला लागू न्हाई म्हनून.

बाई, माणूस रोग झाला म्हनून रडतं. मी झाला न्हाई म्हनून रडले.

तोंड धुऊन दुकानात गेले. मालक तराजू पुसायले होते. मी सांगून टाकलं, भस्म मी चोळत होते, अक्कानं एक बोट लावलं न्हाई, डॉक्टरणीसमोर तिनं माझं पाप आपल्यावर घेतलं आन तुमच्यासमोर मी ते तिच्यावरच ठेवलं.  मालक खाली बघून परत तराजू पुसायला लागले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुद्राणी पायरीवर बसलती. तिला कडेवर घेतली आन अक्काच्या खोलीत नेली. अक्का मागं सरकली, पदर धरून म्हनाली, अगं नको, लागंल तिला. मी म्हनले, दोघींनाबी तेच हाय, आता कोन कुणाला लावणार? बरं व्हायचं तवा दोघी मिळून व्हा.

आन पोरीला खाली सोडली. ती पळाली न्हाई. आधी अक्काच्या तोंडाकडं बघितलं, खरंच जवळ जायचं का म्हनून. अक्कानं हात पसरले. मंग पोरगी चढली तिच्या मांडीवर, दंड गळ्यात टाकून डावा गाल मानेवर टेकवला, घसरून डोकं कोपराच्या घडीत घातलं, आन दोन मिनिटांत झोपली. मी दारात उभी राहून बघत होते. गाल टेकला तिथं दाणे होते. डोकं ठेवलं तिथं दाणे होते. अक्काच्या अंगावर दुसरीकडं कुठंच नव्हते.

जळाले का? जळाले. आजबी जळते, खोटं कशाला बोलू. पन चादरीची ती घडी मी कपाटात ठेवून दिली, आन अक्काच्या खोलीत, त्या दोघींच्या शेजारी, माझं अंथरूण घातलं.