मंजुरी कुणाची?

माणूस गेला की त्याचे किस्से थांबतील असं वाटलं होतं. उलटंच झालं. सुधीरच्या ऑफिसातला जो कोणी भेटायला येतो, तो एक नवा किस्सा सांगतो आणि मी त्याला माझ्याकडचा एक देते.

सुधीर, माझा नवरा, लोअर परळच्या एका विमा कंपनीत होता. ॲपचं काम छोट्या टीम दर पंधरवड्याला संपवायच्या. ते लोकांपर्यंत सोडायला मंजुरी देणारी समिती मात्र महिन्यातून एकदा बसायची. ही गाठ सोडवणं त्याच्याकडे होतं.

एकदा ॲपवर 'वारसाचे नाव'ऐवजी 'वासराचे नाव' आलं. दुरुस्ती मिनिटभराची, पण समिती बसायची होती. तोवर एका ग्राहकाने भरलंसुद्धा: कपिला.

* * *

मग वरच्या साहेबांनी मनावर घेतलं. समित्या कमी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष सुधीर. घरी येऊन म्हणाला, "अभिनंदन कर. आता अडथळा मीच."

* * *

शेवटी ठरलं, ग्राहकाच्या पैशाला धक्का लागत नसेल तर टीमनेच निर्णय घ्यायचा. पण सवय जाईना. टीममधली नेहा रोज फोन करायची, "सर, करू का?" त्याने फोन घेणंच सोडलं. दादरच्या मासळी बाजारात फोन वाजतच राहिला, तेव्हा कोळीण म्हणाली, "उचल की रे, बायको असंल."

"बायको ही इथे उभी आहे."

तिने मला नीट बघून घेतलं. "मग नको उचलू."

* * *

नेहा परवा येऊन तिचा किस्सा सांगून गेली. पहिल्यांदा न विचारता तिने बदल सोडला आणि तो बिघडला. तिनेच रडत रडत निस्तरला. सुधीर तिच्या टेबलाशी आला आणि त्याने एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

* * *

सुधीर हॉस्पिटलात होता तेव्हा डॉक्टर म्हणाले, व्हेंटिलेटर लावला तर काही दिवस मिळतील, पण बोलणं थांबेल. बरं होणं आता नाही. करी रोडहून नणंद आली होती, वरळीहून दीर. मालवणहून निघालेले काका अजून गाडीत होते. नणंद म्हणाली, "काका येवंदेत, मगे ठरवया." दिरालाही आणखी एका डॉक्टरला विचारायचं होतं.

सुधीरने मास्क जरा सरकवला. "ताई, रोज माझ्याजवळ ही असते. हिला ठरवू दे." मग माझ्याकडे वळला. "घाबरू नकोस. मी आहे ना."

मी डॉक्टरांना नको म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. सुधीरने पाहिलं.