अंबूबाईंचा देवमासा

अलास्का नकाशावर नेमका कोठे आहे हे कृष्णातला ठाऊक नव्हते. त्यामुळे त्याचे काही अडले नाही. जहाजाच्या सहलीचे आरक्षण नकाशा न पाहताही करता येते. कसबा बावड्यातील माझे घर ज्या जमिनीवर उभे आहे, तेथे पूर्वी त्याच्या वडिलांचा ऊस होता. ऊस गेला, प्लॉट पडले आणि कृष्णात उद्योजक झाला. वडिलोपार्जित जमीन तुकडे करून विकणे हा उद्योग कसा, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

त्याच्या आईने, अंबूबाईंनी, मात्र उद्योग केला. नवरा गणपतराव अकाली गेल्यावर त्यांनी चाळीस वर्षे रोज दोन वेळा म्हशी हाकत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेल्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या भांड्यात धार काढून दिली. आता वय एकाहत्तर. मुलाच्या बंगल्यामागे एक म्हैस अजून आहे. तिला पाहुण्यांपासून लपवून ठेवण्याची सुनेची, वर्षाराणीची, धडपड असते. म्हैस लपत नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी कृष्णात प्रवास कंपनीचे निवड-पत्र घेऊन माझ्याकडे आला. भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षे काढलेला मनुष्य बारीक अक्षर वाचतो, एवढा विश्वास त्याला होता. बरोबर वर्षाराणी होती. मागाहून शेणाचे हात धुऊन अंबूबाईही आल्या.

जुनो नावाच्या बंदरात जहाज दुपारपासून रात्री नऊपर्यंत थांबणार होते. तेवढ्या वेळात प्रत्येकाने एकच सहल निवडायची होती. पहिली, हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून चालण्याची. दुसरी, बोटीने देवमासे पाहण्याची. तिसरी, बसमधून हिमनदीकडे दुरून पाहून मग घाईने बोटीत बसण्याची. म्हणजे दोन्ही पाहिल्याचे समाधान आणि एकही नीट न पाहण्याची हमी. आमच्या लोकांची पसंती नेहमी तिसरीला असते, असे कंपनीने छापलेही होते, आणि अभिमानाने.

"काका, आमची तिघांची हेलिकॉप्टर लिवा," कृष्णात म्हणाला. "बर्फावर उभा ऱ्हाऊन फोटो पायजे. चौकात फ्लेक्स लावायचाय, 'अलास्का दौरा यशस्वी'. ते मासं बघायला एवढ्या लांब कोण जातंय? पंचगंगंत काय कमी हायत?"

"तो मासा नाही," मी म्हणालो. "आपल्या भाषेने त्याला देवमासा म्हणून चूक केलेली आहे. तो सस्तन प्राणी आहे. पिलाला दूध पाजतो."

अंबूबाईंनी पदराला हात पुसणे थांबवले.

"दूध?"

"होय. मादी हिवाळ्यात उष्ण समुद्रात व्यायला जाते. तेथे महिनोन्महिने ती काही खात नाही. अंगावरच्या चरबीवर पिलाला पाजते. उन्हाळ्यात पिलाला घेऊन उत्तरेकडे येते. तेथे खाणे मुबलक."

"म्हंजे चाऱ्याला येती की वो ती!"

माझ्या कार्यालयात पदवीधर होते, द्विपदवीधर होते. एवढ्या कमी शब्दांत एखादा विषय आटोपताना मी त्यांच्यापैकी कोणाला पाहिले नाही.

"सायेब, माझं नाव बोटीत घाला," अंबूबाई म्हणाल्या. "मी ती बघायला जातो." आमच्याकडील बायका स्वतःविषयी पुल्लिंगी क्रियापद वापरतात. व्याकरणाला ते मान्य नाही. अंबूबाईंना व्याकरण मान्य नाही.

"आत्या, असं काय करताय?" वर्षाराणी कळवळली. "तिघांची लाल जाकिटं आणलीत. म्याचिंग!"

"मला बर्फात काय दावतीस? बर्फाला काय तोंड हाय, का शेपूट?"

कृष्णातने ठेवणीतले कारण काढले. "आई, बोटीत सगळी गोरी माणसं. तुला इंग्लिश येत न्हाय. एकटी काय करशील?"

"म्हशीला तरी कुठं मराठी येत हुतं रं? चाळीस वरसं निभावलंच की."

मग कंपनीची आडकाठी पुढे झाली. वृद्ध स्त्रीला एकटीने बोटीत घेत नाहीत, असे तो ठामपणे सांगू लागला. मी सर्व सोळा नियम वाचले. तसा नियम नव्हता. उलट हेलिकॉप्टरपूर्वी प्रत्येकाचे कपड्यांसकट वजन करतात, असा नियम होता, तो मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने पोट किंचित आत घेतले आणि कंपनीला फोन लावला. पलीकडे शाहिस्ता नावाची मुलगी होती.

"आजींना चालता येतं का?" तिने विचारले.

"येतं, पण..."

"पायऱ्या चढता येतात?"

"येतात, पण मी काय म्हणतो म्याडम..."

"मग काहीच अडचण नाही सर. बोटीपर्यंत आमचा माणूस सोडतो, तोच परत आणतो. आजींना स्वेटर तेवढा द्या."

अंबूबाईंनी अर्जावर स्वतःची सही केली. सहीला वेळ लागला.

जूनअखेर मंडळी परतली. कृष्णातने मला भ्रमणध्वनीवर एकशे चाळीस छायाचित्रे दाखवली. त्यांपैकी एकशे बत्तीसांत कृष्णात होता. उरलेल्या आठांत वर्षाराणी आणि कृष्णातचा खांदा. त्याच्या पाठीमागे हजारो वर्षांचे निळसर बर्फ होते. ते कसे होते असे मी विचारले, तेव्हा "लय थंड" एवढे उत्तर मिळाले. मनुष्य अर्धी पृथ्वी ओलांडून जातो आणि जे त्याला शीतपेटीचे दार उघडून कळले असते तेवढेच घेऊन येतो.

अंबूबाईंजवळ एकही छायाचित्र नव्हते. त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि पायरीवर बसल्या.

"दिसली का?" मी विचारले.

"दिसली की! बोटवाल्यानं इंजान बंद केलं. शाणा माणूस. पाण्यातनं आधी श्वास आला, फूऽऽस करून. काय घाण वास सायेब! बाया नाक धरून मागं सरल्या, मी न्हाय सरलो. मग पाठ दिसली. रेडकू पल्याडच्या अंगाला."

"पिलू?"

"व्हय. आमच्या आणि त्याच्या मधी ती. बोट जिकडं हलंल तिकडं ती हलायची. रेडकू बुडालं की ही बुडायची, ते वर आलं की ही वर. जरा दम न्हाय. पहिलारू हुती."

"पहिल्याच खेपेची? हे कसे कळले?"

"जुन्या म्हशीला म्हाईत असतंय, रेडकू कुठं जात न्हाय. पहिलारूलाच असा घोर असतोय. मी मनात म्हनलं, बाई, चर निवांत. कोण न्हेत न्हाय तुझं."

त्या बोटीत आणखी तीसेक माणसे होती. ती सर्व छायाचित्रे काढीत होती.

आठवड्याने चौकातील रेलिंगवर फ्लेक्स लागला. अनधिकृत, हे वेगळे सांगायला नको. त्यावर हिमनदी होती, कृष्णात होता, वर्षाराणी होती आणि दोघांच्या मध्ये, लाल जाकिटात, अंबूबाई. पारपत्रावरील त्यांचा घाबरलेला चेहरा संगणकाने कापून कोणा दुसऱ्याच्या धडावर बसवला होता. मी महापालिकेकडे तक्रार-अर्ज लिहिला. परवानगी नसणे आणि असत्य चित्रण, असे दोन मुद्दे केले. सही करण्यापूर्वी अंबूबाईंना वाचून दाखवला.

"ऱ्हाऊ दे सायेब," त्या म्हणाल्या. "तुमचा कागूद पोचंस्तवर पावसानं फाटंल त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, चौक माणसांनी भरलेला असताना, त्यांनी चहाच्या गाड्यावरचे स्टूल मागून घेतले, त्यावर चढल्या आणि वैरण कापायच्या विळ्याने फ्लेक्समधील स्वतःची आकृती कडेकडेने कापून काढली. काम नीटनेटके होते. कृष्णातच्या बाहीला विळा लागला नाही. स्टूल पुसून परत केले, तुकड्याची घडी बगलेत मारली आणि त्या घरी निघाल्या. हिमनदीच्या मधोमध एका म्हातारीएवढे भोक पडले आणि त्यातून पलीकडची रिक्षा दिसू लागली.

कृष्णात धावत आला तेव्हा मी त्यांच्या मागच्या फाटकाशीच होतो.

"आये! समद्या चौकात हसं केलंस माझं! काय झालं हुतं तुला?"

अंबूबाई म्हशीपुढे पेंढी सोडत होत्या. वळल्या नाहीत.

"मी तिथं न्हवतोच. बोटीत हुतो मी."