बाहेरून लावलेलं कुलूप

जर्मनीला गेलो तेव्हा छळछावणी बघायची माझी मुळीच इच्छा नव्हती. मुलगी तिकडे नोकरीला आहे, तिने तिकिटं पाठवली, म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो. पहिले आठ दिवस किल्ले, तळी, चर्च असं सगळं बघितलं आणि फोटो भिवंडीतल्या लूमवाल्यांच्या ग्रुपवर टाकून मिरवून घेतलं. नवव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या छळछावणीचं स्मारक बघायला जाऊ." मी म्हटलं, "फिरायला आलोय की मयताला?" ती हसली नाही. "आई राहू दे घरी, तिचे गुडघे दुखतात. तुम्ही चला," म्हणाली. मी मुकाट्याने गेलो.

आमच्या दोघांत एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. भिवंडीच्या कामतघर भागात माझा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे, वडिलांपासूनचा, आणि त्याला लागूनच घर. शिफ्ट सुरू झाली की शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावायचं, ही आमच्या गल्लीची रीत. कारागीर चहाला म्हणून जातो आणि तासाभराने उगवतो, माल मागच्या मागे गायब होतो, अशी कारणं आम्ही एकमेकांना सांगायचो. वडील कुलूप लावायचे, मीही लावायला लागलो.

मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून मी आडवा झालो होतो, ती दारात बसून अभ्यास करत होती. कारखान्यात दोन कारागीर होते, एकेकाकडे सहा लूम. एक वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरचा, दुसरा उत्तर प्रदेशातला. तीनच्या सुमाराला शटर वाजायला लागलं. "शेठ, खोलो! शेठ!" मुलगी म्हणाली, "बाबा, शटर वाजतंय." मी डोळेही न उघडता म्हणालो, "चहाची तल्लफ आली असेल. वाजवू दे." साडेचारला उठलो, तोंड धुतलं आणि कुलूप काढलं. वज्रेश्वरीकडचा माणूस दोन लूमच्या मधल्या वाटेत पडला होता. छातीत कळ आली होती त्याच्या. अंग केव्हाच गार पडलं होतं.

माणसं जमली, पोलीस आले. मी म्हणालो, "लूमच्या आवाजात काही ऐकू येत नाही हो." शेजारच्या सगळ्या कारखानदारांनी माना डोलावल्या. हवालदाराने मुलीला विचारलं, "बाळ, तुला काही ऐकू आलं होतं का?" तिने माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. उत्तर प्रदेशातल्या कारागिराला मी चार दिवसांत त्याच्या गावी पाठवून दिलं.

आता ज्याने लूम चालवलेत त्याला विचारा. बारांतला एक लूम बंद पडला, तर गाढ झोपेतसुद्धा आमचे डोळे उघडतात. कानाला त्या आवाजाची इतकी सवय असते. त्या दुपारी एकामागून एक सहा लूम बंद पडले होते, कारण ते बघणारा माणूस जमिनीवर पडला होता. अर्धा आवाज गेला होता. शटर वाजायच्या आधीच मला ते कळलं होतं, तरी मी कूस बदलून पडून राहिलो. माना डोलावणाऱ्यांनाही माझं खोटं कळलंच असणार. पण त्यांच्याही शटरला बाहेरूनच कुलूप होतं, म्हणून त्यांना ते पटलं.

मुलगी त्यावर कधीच बोलली नाही. बारावी झाली, पुण्याला गेली, तिथून जर्मनीला. सुट्टीला घरी आली तरी कारखान्याच्या बाजूला फिरकायची नाही. मीही विषय काढला नाही. मला ते सोयीचंच होतं.

ते स्मारक म्हणजे खडी टाकलेलं भलंमोठं मैदान आणि कडेला लांबलचक बराकी. वारा हाडांत शिरत होता. एका बराकीत काचेच्या कपाटात कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा लावला होता. आता माझी एक खोड आहे. कापड दिसलं की खिशातून छोटं घडीचं भिंग काढायचं आणि इंचात किती धागे बसवलेत ते मोजायचं. लग्नाच्या मांडवात नवरीच्या शालूवर भिंग धरून मी बायकोच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. इथेही हात आपोआप खिशात गेला आणि मी कपाटाच्या काचेला भिंग टेकवून वाकलो. मोजदाद काही जमली नाही, पण वीण विरळ आहे हे नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं. असल्या थंडीचं कापडच नव्हतं ते. "हे कुणीतरी ऑर्डर घेऊन विणलं असणार गं," मी मोठ्याने बोलून गेलो. "कापडाचे ताके मोजून दिले असतील." तो कारखानदार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मला तो चांगला ओळखीचा वाटला.

तिथली रखवालदार बाई धावत आली. मुलगी शरमेने लाल झाली. तिने त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं, मग मला म्हणाली, "तुम्ही विणकर आहात असं सांगितलंय." मालक म्हणून सांगायची तिला लाज वाटली असावी. ते ऐकून जवळ उभा असलेला एक म्हातारा गाईड पुढे आला, त्याने माझा हात हातात घेतला आणि आम्हाला बाहेर कुंपणापाशी घेऊन गेला. विणकर म्हणून त्याने मला मान दिला, आणि मीही तो घेतला.

कुंपणापलीकडे घरं होती, बागा होत्या. गाईड एकेक वाक्य बोलायचा आणि मुलगी ते मराठीत सांगायची. त्या काळीही तिथे वस्ती होती. कैद्यांच्या रांगा लोकांच्या दारांवरून जायच्या. पुढे कुणी विचारलं तेव्हा त्यातले बरेच जण म्हणाले, आम्हाला काही माहीत नव्हतं. हे शेवटचं वाक्य मुलीने सगळ्यात सावकाश सांगितलं. सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मला संताप आला. तिथे मेलेल्या माणसांचं दुःख बाजूलाच राहिलं, मला माझ्या मुलीचा राग आला. गाईड गेल्यावर मी म्हणालो, "कुठे हे कसाई आणि कुठे माझे बारा लूम! मला यांच्या पंगतीला बसवायला आणलंस का इथे?"

"यांच्या नाही," ती म्हणाली. "त्या समोरच्या घरांतल्यांच्या. आणि तुम्हाला एकट्याला नाही, मलाही. हवालदाराला मी नाही म्हटलं होतं, बाबा. तुम्ही मला एकदा तरी म्हणायचं होतं, की तुला बरोबर ऐकू आलं होतं."

"मलाही आलं होतं," मी म्हणालो. ते म्हणायला मला एकवीस वर्षं लागली. आता ती रडेल, मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन आणि विषय संपेल, असं मला वाटलं. इतका मी स्वतःला सांभाळून असतो.

ती रडलीबिडली नाही. "मला कशाला सांगता? मी तिथेच होते. त्याच्या बायकोला सांगा," म्हणाली आणि बस स्टॉपकडे चालायला लागली.

परत आल्यावर महिनाभर मी टाळाटाळ केली. मग एका शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, वज्रेश्वरीची बस पकडली. पाड्यावरचं घर मला माहीत होतं. त्या माणसाचं दिवसकार्य झाल्यावर त्याच्या अठरा वर्षांच्या मुलाला मीच कामाला घेतलं होतं. सोळा वर्षं तो माझ्याकडे होता, आता जवळच राहनाळच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. मेलेल्या कारागिराच्या मुलाला पोटाशी धरलं, असं गल्लीत माझं कौतुक व्हायचं आणि मी ते होऊ द्यायचो.

बाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला खाट दिली, पाणी दिलं. मी घटाघट पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं, "त्या दिवशी शटर वाजलेलं मला ऐकू आलं होतं. मी उठलो नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय, शेठ."

"कसं?"

"त्यांचा जोडीदार गावाला जायच्या आदी हितं आला व्हता. समदं सांगून गेला."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलून काय व्हनार व्हतं? पोराला कामाला लावायचा व्हता. तुमच्याबिगर कोन घेनार व्हतं?"

सोळा वर्षं तो मुलगा सकाळी आठला माझ्यासमोरून आत जायचा आणि मी शटर ओढायचो. मला धड विचारवेना, तरी विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"न्हाय कसं? म्याच सांगलं त्याला, पहिल्या दिशी," ती म्हणाली. "म्हनलं, छातीत कळ आली त शटर वाजवत बसू नको. वरचा पत्रा उचकट न् भायेर ये. शेठला ऐकू जातं, पन शेठ उठत न्हाय."