पत्र्यात अडकलो तेव्हा

चाकणजवळच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटचा फोम पेटला होता. आमची अग्निशमनची गाडी भर दुपारी पोहोचली. धूर बाहेर पडावा म्हणून छपराचे पत्रे काढायला मी वर चढलो. दुसऱ्याच पावलाला सिमेंटचा पत्रा फुटला आणि मी काखेपर्यंत आत गेलो. पाय धुरात लोंबकळत होते, बूट तापू लागले होते.

माझ्यासोबत लातूरकडचे एक जुने सहकारी होते. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांनी शिडी छपरावर आडवी टाकली आणि तिच्यावर पालथे पडून सरकत माझ्यापर्यंत आले.

"हलू नको," ते म्हणाले.

"जाणार कुठं, भाऊ?"

"खाली."

एवढं बोलून त्यांनी माझ्या काखेतून दोर घातला आणि मागे छपराच्या कडेला थांबलेल्या आमच्या दोघा जवानांना ओढायला सांगितलं. मी बाहेर आलो. उजवा बूट आतच राहिला आणि एक बरगडी मोडली, हे नंतर कळलं.

खाली आल्यावर मला पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना. भाऊंनी ते उघडून दिलं, मी दोन घोट पिईपर्यंत ते थांबले आणि पुन्हा शिडीकडे गेले. पत्रे काढायचे राहिले होते.