नानांचं गाणं मधेच का थांबायचं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दुःख मागाहून आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. माझी बायको मेधा फोन कानाला लावून तशीच उभी होती, तिचे वडील गेले होते, आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून मनात म्हणत होतो, चला, आता ते मला तो प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत.

नाना म्हणजे माझे सासरे. राहायला गिरगावात. सकाळचा चहा झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्याच गेले, कुणाकडून काही करून न घेता. भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, ‘सोनं झालं हो त्यांचं.’ आणि लगेच आवाज खाली आणून, ‘शेवटी शेवटी विसरायला लागले होते ना?’ यावर मेधा मान हलवायची, माई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर डोळ्यांना लावायच्या आणि मी पाण्याचे रिकामे ग्लास गोळा करून आत निघून जायचो. कारण नाना काहीही विसरत नव्हते, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आजही फक्त मलाच माहीत आहे.

नानांनी सरकारी कचेरीत नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण त्यांचा खरा हुद्दा श्रोत्याचा. स्वतः कधी गायले नाहीत. ‘गाणारे पुष्कळ आहेत, ऐकणाऱ्यांचा तुटवडा आहे,’ म्हणायचे. दादरला त्यांचं एक श्रवणमंडळ होतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात सतरंजी घालून पंधरा-वीस माणसं जमायची, नाना ध्वनिमुद्रणं निवडून आणायचे आणि प्रत्येक गाण्याआधी थोडं बोलायचे. राग कोणता, बंदिश कुठली, कुठल्या जागेकडे लक्ष ठेवायचं. हातात कागदाचा कपटा नसायचा. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण नाना सांगायचे ती जागा आली की सगळी सतरंजी एकदम हलायची, ते मी पाहिलं आहे.

त्यांच्या कॅसेटींना बुरशी धरली, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा गावाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हा मी पुढाकार घेतला. जावयाने सासुरवाडीत काहीतरी करून दाखवावं, ही हौस मलाही होती. इंटरनेटवरून गाणी आणणारा एक छोटा डबा मी घेऊन गेलो आणि तो नानांच्या जुन्या स्पीकरला जोडला. नानांकडे साधा बटणांचा फोन. स्मार्टफोनला ते ‘तुमची ती पाटी’ म्हणत. म्हणून डबा मुद्दाम रिमोटवाला निवडला. एक नंबर दाबला की सकाळचे राग, दोनला नाट्यसंगीत, तीनला माईंची भजनं. डब्याला गाणी पुरवायला एक खातं लागतं. ते नवीन उघडायचा मला कंटाळा आला आणि मी माझंच टाकून दिलं. माझं खातं एका माणसापुरतं होतं, पण एका वर्तमानपत्रात दोन बिऱ्हाडं भागवणारी माणसं आपण. यात काही बिघडेल असं डोक्यातही आलं नाही. नानांनी एक नंबर दाबला, खोलीत तोडी सुरू झाला, आणि ते माईंना म्हणाले, ‘बघ, जावई असावा तर असा.’

पहिले काही महिने सुरळीत गेले. मग एके सकाळी ऑफिसला निघताना त्यांचा फोन आला. ‘शिरीषराव, घाईत नाही ना? ते गाणं मधेच थांबतंय हो.’

‘कुठलं बटण दाबलंत?’

‘एक नंबर. एवढंच.’

‘मग चालू होऊन बंद कसं होईल? दुसरं काहीतरी दाबलं गेलं असणार.’

‘असेल हो. माझंच काहीतरी चुकलं असेल.’

जावयाला उलट बोलायचं नाही, हे नानांच्या पिढीच्या हाडात मुरलेलं. ‘तुमचंच काहीतरी चुकलंय’ हे मुलाला म्हणता येतं, जावयाला नाही. मला ही सोय फार आवडायची, हेही आज कबूल करतो.

त्यानंतर हे रोजचंच झालं. विलंबित ख्याल रंगात आलेला, नाना डोळे मिटून मांडीवर मात्रा मोजत बसलेले, आणि गाणं समेच्या तोंडावर गप्प. पुन्हा एक नंबर दाबायचा, पुन्हा थोडं चालायचं, पुन्हा गप्प. मी जे जे करता येतं ते सगळं केलं. राउटर लोखंडी कपाटावरून खाली आणला. मग पुन्हा वर नेला. जुन्या इमारतीच्या जाड भिंतींना दोष देऊन पॅसेजमध्ये सिग्नल वाढवणारं यंत्र लावलं. वायर बदलली, रिमोटचे सेल बदलले, मग रिमोटच बदलला. इंटरनेटवाल्याचा माणूस बोलावला. तो म्हणाला, ‘साहेब, लाइन एकदम ओके आहे,’ आणि चहा पिऊन गेला. डबा पूर्ण पुसून सगळं पहिल्यापासून मांडलं आणि खातं पुन्हा माझंच टाकलं. प्रत्येक वेळी माझा रविवार जायचा आणि मी चिडलेला असायचो. सगळ्यात संताप आणणारी गोष्ट अशी की मी समोर असलो की डबा शहाण्यासारखा चालायचा. तासन् तास. एकदा तर मी जेवून, झोपून उठलो तरी गातच होता.

‘बघा नाना, आता कसा चालतोय?’

‘तुम्हाला घाबरतो तो,’ नाना म्हणाले. ‘हात ओळखतो हो. हेडक्लार्कचं कोण ऐकतं?’

माई कोकणातल्या, मालवणकडच्या. त्यांचा या डब्याशी उभा दावा होता. गाणं थांबलं की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘परत गप रवलो मेलो!’ एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मी समोर बसून बघितलंय. ह्यांनी कशाला हातसुद्धा लावला नव्हता.’ हे ऐकून मी थांबायला हवं होतं. मी हसलो आणि म्हणालो, ‘माई, तुमचं लक्ष नसेल.’ आणि त्याच दिवशी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन रिमोटवरची पाच बटणं सोडून बाकी सगळी झाकून टाकली. नाना बघत होते. लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेतात तसं मी ते केलं… नाना ‘छान, सोपं झालं,’ एवढं म्हणाले.

चिकटपट्टीनंतरही गाणं थांबत राहिलं, आणि मग घरात त्या दुसऱ्या शंकेने पाय ठेवला. सुरुवात माझ्याच तोंडून झाली. घरी येऊन मी मेधाला म्हणालो, ‘अगं, पाच बटणं आहेत. पाच. त्यातही चुकतात. बघ जरा त्यांच्याकडे.’ मी वैतागून बोललो होतो, तिने ते मनावर घेतलं. नानांच्या आईला म्हातारपणी माणसं ओळखू येईनाशी झाली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, नानांना तर सगळ्यात जास्त. मेधा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. मेधाचं समाधान झालं नाही. ‘तिथे सांगतात बरोबर, घरी साधा रिमोट जमत नाही,’ ती म्हणायची. मग नानांनी एकट्याने बाहेर पडणं बंद झालं. गॅसला हात लावणं बंद झालं. किल्ली माईंच्या कनवटीला गेली.

आणि नानांनी श्रवणमंडळ सोडलं. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. दादरहून मंडळी घरी आली, हातापाया पडली, ‘अहो, तुम्ही नुसते या, बसा.’ नाना म्हणाले, ‘बोलता बोलता मधेच काही आठवलं नाही तर? चार माणसांत शोभा नको.’ मी तिथेच बसलो होतो. घरातही त्यांनी एक नंबर दाबणं सोडून दिलं होतं. सकाळी चहानंतर खुर्चीत बसायचे, रिमोट समोरच्या स्टुलावर, आणि खोली शांत.

डबा बसवल्यावर काही महिन्यांनी माझ्या रक्तात साखर निघाली होती म्हणून मी सकाळी माटुंग्याला चालायला जायचो, हे सांगायचं राहिलं. कानात ती बिनवायरची बोंडं, खिशात फोन, फोनवर जुनी हिंदी गाणी. चालायला लागल्यापासून माझीही गाणी मधेच थांबायची! मी मोबाइल कंपनीला शिव्या घालायचो, कानावर टिचकी मारायचो, गाणं पुन्हा सुरू. फोन खिशातून काढायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. मग मधल्या काळात माझी गाणी थांबेनाशी झाली, याचंही मला नवल वाटलं नाही. पुढे एका सकाळी गाणं पुन्हा थांबलं. तेव्हा नेमका एक फोन करायचा म्हणून मी खिशात हात घातला होता. पडद्यावर एक ओळ होती. तुमचं खातं दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे: नानांचा दिवाणखाना. डब्याला हे नाव मीच दिलं होतं. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी नानांनी धीर करून पुन्हा एक नंबर दाबला होता.

मी तिथेच बाकावर बसलो. एका माणसापुरतं खातं. मी इकडे टिचकी मारली की तिकडे तोडी थांबायचा, त्यांनी तिकडे एक नंबर दाबला की इकडे माझं गाणं थांबायचं. माझ्या चालण्याची वेळ आणि त्यांच्या ऐकण्याची वेळ एकच. मी गिरगावात असलो की चालत नसायचो, म्हणून डबा चालायचा. माटुंग्याच्या बागेत बसून मी रोज माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर दार लावत होतो आणि वर त्यांना विचारत होतो, तुम्ही कुठलं बटण दाबलंत?

त्यांच्या नावाचं खातं उघडायला चहा निवायलासुद्धा वेळ लागला नसेल. रविवारी गिरगावात जाऊन ते डब्यात टाकलं. गाणं त्यानंतर एकदाही थांबलं नाही. मेधा आणि माई तिथेच होत्या. ‘काय केलंत?’ नानांनी विचारलं. मी म्हणालो, ‘कंपनीकडून नवीन काहीतरी आलंय, त्याने सुधारलं.’

नाना खुर्चीत पुढे सरकले. ‘म्हणजे चूक माझी नव्हती तर?’

तिघंही माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. मेधाने त्यांना डॉक्टरांसमोर बसवून वजाबाक्या करायला लावल्या होत्या, दादर सुटलं होतं, आणि हे सगळं माझ्या कंटाळ्यापायी झालं असं तिच्या समोर म्हणायला माझी जीभ उचलेना. मी हसत म्हणालो, ‘थोडी तुमची, थोडी यंत्राची.’

‘तरीच,’ नाना म्हणाले आणि मागे टेकले.

शेवटची भेट झाली तेव्हा आम्ही दोघंच होतो. माई देवळात गेल्या होत्या. डबा गात होता. गाणं संपल्यावर नाना हळूच म्हणाले, ‘शिरीषराव, एक विचारू? राग मानू नका. आता हे नीट चालतं. मी तेव्हाही एक नंबर दाबत होतो, आताही एक नंबरच दाबतो. वेगळं काहीच करत नाही. मग तेव्हा मी काय चुकत होतो?’

डोकं चालेनासं झालेला माणूस असा प्रश्न विचारत नाही. मी म्हणालो, ‘जाऊ द्या ना नाना, आता चालतंय ना.’ ते म्हणाले, ‘ते खरं.’ आणि मला चहा टाकायला उठले. मग गॅसची आठवण होऊन पुन्हा बसले.

दादरच्या मंडळींनी त्यांच्यासाठी सभा घेतली. एकाने फार चांगलं भाषण केलं, आणि शेवटी म्हणाला, ज्या स्मरणशक्तीने आम्हाला इतकं दिलं तिनेच नानांना दगा दिला. मेधा रडली. मी सतरंजीच्या कडेला बसून होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेधा चष्मा शोधत घरभर फिरत होती. तो डोक्यावरच होता. मी हसून दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, ‘मलाही नानांसारखं होणार का रे?’

तेव्हा हे लिहायला बसलो. छापून आलेलं तिने एकटीने वाचावं, हा आणखी एक पळपुटेपणा होईल, म्हणून लेख पाठवण्याआधी तो तिला आणि माईंना समोर बसवून मीच वाचून दाखवणार आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि ते मी ठरवायचंही नाही. नानांना एका उत्तराचं देणं लागत होतो, ते आता फिटणार नाही. मेधाला तिचे वडील देणं लागतो, शेवटच्या सकाळपर्यंत पूर्ण शुद्धीत असलेले, सगळं आठवणारे. ते अजून दिलेले नाहीत.