अ‍ॅडमिरलची मागची सीट

फ्राऊ लिंडनर कुठल्याही गाडीत एकदम बसत नसत. आधी दार पूर्ण उघडायला लावत, मग वाकून उजव्या अंगठ्याचं नख सीटच्या शिवणीवरून मागून पुढे फिरवत, आणि त्यानंतरच बसायचं की नाही ते ठरवत. एकदा जिन्यात त्यांचा पाय मुरगळला आणि रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोन धिप्पाड गृहस्थांना त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आधी गादीची शिवण तपासली. "चालेल," त्या म्हणाल्या, "पण घाईत शिवलंय." मग आडव्या झाल्या.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहायला आलो होतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या पहिल्या. मी एक जुनी गाडी घेतली होती आणि रविवारी सकाळी खाली अंगणात बादली, टमरेल आणि जुना बनियन घेऊन ती मनोभावे धूत होतो. पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई काठी टेकत माझ्या दिशेने आली. "गाडी रविवारी धुवायची नसते," ती म्हणाली, "आणि इथे अंगणात तर कुठल्याच वारी नाही." मी टमरेल पाठीमागे लपवलं. मग तिने दार उघडायला लावलं, नख फिरवलं आणि सांगितलं, "ही सीट डावखुऱ्या बाईने शिवली आहे."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी सीट विभागातच इंजिनियर आहे."

"अस्सं? कुठलं मशीन चालवता?"

"मशीन नाही, कॉम्प्युटर. माणूस बसल्यावर सीटवर कुठे किती दाब पडतो, ते मी काढतो."

त्यांनी थोडा विचार केला. "आल्झो, म्हणजे लोक बसल्यावर काय होतं, ते तुम्ही बसून बघता."

"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे 'अगदी बरोबर'. वाद घालण्याइतकं माझं जर्मन तेव्हा नव्हतं. बाल्कनीत कपडे वाळत घालणारी माझी बायको मृणाल हे ऐकून इतकी हसली, की तिच्या हातातला चिमटा खाली फ्राऊ लिंडनरांच्या पायाशी येऊन पडला.

फ्राऊ लिंडनर सोळाव्या वर्षी गावातल्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणजे मी होतो तिथेच, शिवणखात्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होत्या. आमच्या गावात या कारखान्याला कुणी नावाने हाक मारत नाही, नुसतं 'वेर्क' म्हणतात, म्हणजे कारखाना. म्हणून मीही नाव लिहीत नाही. त्याचा इतिहास मी नोकरीच्या मुलाखतीसाठी पाठ केला होता. कुठल्या मॉडेलला किती अश्वशक्ती, कुठल्याला किती सिलिंडर, सगळं तोंडपाठ. एका रविवारी त्यांनी कॉफीला बोलावलं तेव्हा मी तो त्यांना ऐकवायला घेतला. त्यांनी केकचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवून मला गप्प केलं.

"इंजिनवाले नंतर आले," त्या म्हणाल्या. "सुरुवात आमच्यापासून झाली. काकाच्या गोठ्यात बसून पहिल्या मालकाने शिवणयंत्रं बनवली. मग सायकली. तो गेल्यावर त्याच्या बायकोने आणि पाच मुलांनी मोटारी काढल्या. शिवणयंत्र नसतं तर तुम्ही आज कशाचा दाब मोजला असता?"

त्यांच्या लेखी गाडी म्हणजे सीट, आणि सीटभोवती जे काही असेल ते. कॅडेट मॉडेल म्हणजे उन्हाळ्यात मांड्यांना चिकटणारं प्लॅस्टिक. रेकॉर्ड म्हणजे चौकड्यांचं कापड, ज्यात चौकडी चौकडीला जुळवताना डोळे जात. कापिटेन म्हणजे जाड लोकर. कॅडेट, कापिटेन म्हणजे कॅप्टन, अ‍ॅडमिरल असे आरमारातले हुद्दे गाड्यांना दिलेले, आणि समुद्र तिथून कुठल्या कुठे. "गावात सगळे कॅडेटच होते," त्या म्हणत. "अ‍ॅडमिरल लोक फक्त गेटातून आत-बाहेर करायचे." माझी आत्या काठाला हात लावून लुगडं कुठल्या पेठेतलं ते सांगायची, तसं यांना टाक्यावरून बाई ओळखता यायची.

अ‍ॅडमिरलच्या मागच्या सीटचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं होतं. डायरेक्टर, डॉक्टर, मंत्री अशा लोकांची ती गाडी. शिवलेली कव्हरं ढकलगाडीवरून पुढच्या हॉलमध्ये जायची आणि तिथे बायकांना जायची परवानगी नव्हती. "मी किती सीटा शिवल्या त्याला गणती नाही," त्या एकदा कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "पण एकीवरही बसले नाही. कशी लागत असेल, कोण जाणे."

इथे मी तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं, गरज नव्हती. पण समोर म्हातारं माणूस, पोटात त्यांचा केक, आणि जन्म पुण्यातला. "अहो, त्यात काय एवढं!" मी म्हणालो. "कंपनीच्या जुन्या गाड्या सांभाळून ठेवल्यात की. मी आहे ना तिथे. पुढच्या शनिवारी बसवतो तुम्हाला. नक्की!"

आता हे 'नक्की' म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. लग्नाच्या पंगतीत 'या हं एकदा घरी' म्हणतात, त्यातलं ते. ऐकणाऱ्याने 'हो हो' म्हणायचं आणि दोघांनी विसरायचं. खरं तर त्या कंपनीत मी 'आहे' हेसुद्धा अर्धसत्य होतं. मी कागदोपत्री दुसऱ्याच एका कंपनीचा. तिने मला इथे भाड्याने दिलेलं. माझ्या गळ्यातल्या पिवळ्या कार्डाने कँटीनचं दारसुद्धा तीनदा दाखवल्यावर उघडायचं.

फ्राऊ लिंडनर उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि त्यांनी पेन्सिल उचलली. "किती वाजता?"

"साधारण... अकरा?"

त्यांनी लिहिलं, अकरा वाजता. त्यातलं 'साधारण' त्यांनी लिहिलं नाही.

त्या शनिवारी मी आणि मृणाल फ्रँकफर्टला कढीपत्ता, पोहे आणि गुळाची ढेप आणायला गेलो आणि दोनच्या सुमाराला परतलो. जिन्यात फ्राऊ लिंडनर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंगात ठेवणीतला निळा कोट, केस सेट केलेले, मांडीवर पर्स आणि हातमोजे. मला बघताच त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला अपघात झाला. मी दोन हॉस्पिटलांना फोन केला."

येतो म्हणून न येण्याचं दुसरं काही कारण असू शकतं, हे त्या बाईला सुचलंच नव्हतं. माझ्या हातातल्या पिशवीतून कढीपत्त्याचा वास येत होता. खरं सांगून माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणालो, "ती गाडी दुरुस्तीला गेली आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात कधी?"

मी तारीख सांगितली. वर गेल्यावर मृणालने पिशवी ओट्यावर आपटली. "तू पागल आहेस का? शी'ज रायटिंग इट डाऊन! ती काय तुझी मावशी आहे, 'बघू बघू' करून वर्ष काढायला?"

दुसरी तारीखही गेली. त्या वेळी मी आदल्या दिवशीच खाली जाऊन 'गाडी अजून दुरुस्तीतच' असं सांगितलं आणि ही आपली सुधारणा आहे असं मनाशी मानलं. त्या म्हणाल्या, "बिचारी जुनी आहे, वेळ लागणारच." पाठोपाठ दुसरी बातमी आली: फ्राऊ लिंडनरांना जिना झेपेनासा झाला होता आणि सप्टेंबरअखेर त्यांची मुलगी डोरिस त्यांना तिकडे उत्तरेला, आपल्या घरी नेणार होती. घर सोडण्याची नोटीसही देऊन झाली होती. हातात सहा आठवडे होते.

मग मात्र मी धावाधाव सुरू केली, आणि ती आपल्या पद्धतीने. जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपवर फोग्ट नावाचे गृहस्थ होते, जर्मन रीतीने 'हेर फोग्ट', म्हणजे श्रीयुत फोग्ट. त्यांना भेटायला जाताना मी मृणालच्या चकल्यांचा डबा नेला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या कार्डाकडे पाहिलं, डबा दोन बोटांनी परत माझ्याकडे सरकवला आणि एक फॉर्म दिला. फॉर्ममध्ये 'वाहन कशासाठी हवे' असा रकाना होता. मी लिहिलं, 'बसण्यासाठी'. नाकारला. दुसऱ्यांदा मी सोबत दोन पानी पत्र जोडलं, त्यात शिवणयंत्रं, गोठा, पाच मुलगे, सगळा इतिहास घातला. तोही नाकारला, भाड्याच्या माणसाचा अर्ज चालत नाही, विम्याचा प्रश्न येतो. तिसऱ्यांदा मी नुसताच गेलो आणि काउंटरपाशी उभा राहिलो.

"त्या बाईंना माहीत आहे का, की हे तुमच्या हातात नाही?" हेर फोग्टनी विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला भेटताय? आधी त्यांना सांगा."

पहिल्या मजल्याची ती सोळा पायऱ्यांची वाट मी आयुष्यात सर्वांत हळू चढलो. फ्राऊ लिंडनर खोक्यांमध्ये कपबशा भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पिवळं कार्ड, फॉर्म, चकल्या, सगळं.

त्या बराच वेळ एक बशी वर्तमानपत्रात गुंडाळत राहिल्या. "आल्झो. म्हणजे गाडी दुरुस्तीला नव्हती."

"नव्हती."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"त्या शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"किराणा आणायला."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू उसवलेली शिवण नेमकी कुठून सुरू झाली ते शोधत असाव्यात. मग त्यांनी टेलिफोन जवळ ओढला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. "फोग्ट? लिंडनर, शिवणखातं. मला अ‍ॅडमिरलमध्ये बसायचंय. मागे. हो. गुरुवारी अकरा. हो, हो. सोबत एक माणूस येईल." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

मी फोनकडे बोट केलं. "तुम्ही फोन करू शकत होतात?"

"चाळीस वर्षं होते मी तिथे. फोग्टची आई माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची."

"मग आधीच का नाही केलात?"

"तुम्ही शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "मी फोन केला असता तर तुमचा अपमान झाला असता."

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना आम्ही गेटावर होतो. त्यांच्या नावाची चिठ्ठी तयार होती, माझ्या चिठ्ठीवर नुसतं 'सोबतची व्यक्ती' असं लिहिलं होतं. ज्या कारखान्यात मी दोन वर्षं रोज जात होतो, त्याच्या त्या काउंटरपलीकडच्या भागात मला पहिल्यांदा आत सोडलं ते एका पंच्याहत्तरीच्या शिंपिणीच्या जोरावर. पहारेकऱ्याने त्यांना सलाम केला. मला सांगितलं, कशाला हात लावू नका.

अ‍ॅडमिरल काळी होती, लांबलचक. हेर फोग्टनी मागचं दार उघडलं. फ्राऊ लिंडनरांनी हातमोजा काढला, वाकल्या आणि नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. म्हटलं, आता ही सीट नंतर कुणी बदललेली निघणार.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "गेर्डाची आहे. शिवण संपवताना मी तीन टाके मागे घ्यायची, गेर्डा दोनच. मी तिला रोज रागवायची की निघेल, निघेल." त्यांनी अंगठा त्या जागेवर दाबून धरला. "नाही निघाली."

हेर फोग्टनी मान दुसरीकडे वळवली. गेर्डा म्हणजे त्यांची आई, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग त्या आत बसल्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ. हळूहळू पाठ टेकली. "फार मऊ आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "या लोकांना झोप लागत असणार. म्हणून तर कारखाना असा तोट्यात गेला." आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. रुमाल बराच वेळ डोळ्यांवर राहिला.

निघायच्या दिवशी डोरिस गाडी घेऊन आली. फ्राऊ लिंडनरांनी मुलीच्याही सीटवर नख फिरवलं, मग बसल्या आणि काच खाली केली. मी वाकलो. वाक्य ओठांवर तयारच होतं: नक्की येऊ भेटायला, नाताळातच येतो. त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी ते वाक्य गिळलं.

"फ्राऊ लिंडनर, मी तिकडे येईन की नाही, मला माहीत नाही."

मृणालने माझ्या दंडाला चिमटा काढला. फ्राऊ लिंडनरांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी काचेतून हात बाहेर काढून माझा हात घट्ट दाबला. "छान," त्या म्हणाल्या. "मग मी वाट बघणार नाही."

मी गेलो नाही. आधी काम होतं, मग भाड्याच्या नोकरीची पक्की नोकरी झाली, मग आमची मुलगी झाली. तिसऱ्या हिवाळ्यात फ्राऊ लिंडनर गेल्याचं डोरिसचं काळ्या कडेचं पत्र आलं. मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. मृणाल समजूत घालायला म्हणाली, "निदान तू त्यांच्याशी खोटं नाही बोललास."

तेच तर. मी स्वतःला चांगला ओळखतो. नेहमीसारखं 'नक्की येतो' म्हणालो असतो, तर त्या तिकडे कोट घालून बसल्या असतील या धास्तीने मी पहिली गाडी पकडून धावत गेलो असतो. खरं बोलायला त्यांनी मला शिकवलं, आणि मी ते न जाण्यासाठी वापरलं.